आबांचा ट्रक भंगारात देण्याआधी : खान्देशातल्या गाडीवाल्यांच्या वारसांना खुले पत्र

स. न. वि. वि.

धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कुठल्याही बाजारपेठेच्या गावात गेलं, की एखाद्या खळ्यात, जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत नाहीतर बंद पडलेल्या वखारीच्या कुंपणालगत एक नाकाड्या ट्रक उभा दिसतो. बॉनेटवर कडुनिंब वाकलेला, टायर मातीत गेलेले, काचा कधीच गेलेल्या. आबांनी, आप्पांनी, नानांनी घेतलेली ही गाडी. त्यांच्या माघारी ती कोणाची हे घरात ठरलेलं नसतं, म्हणून ती आहे तिथंच राहते. मग कधीतरी वाटण्या होतात, जागेचे प्लॉट पाडायचे ठरतात आणि गाडीचा किलोच्या भावानं सौदा होतो.

तो सौदा होण्याआधी तुम्ही हे वाचावं, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. या गाड्या वयानं मरत नाहीत. त्या गॅस कटरनं मरतात, नाहीतर हौसेनं मारलेल्या पहिल्या स्टार्टरनं. गॅस कटरचं सगळ्यांना कळतं. पण "आबांची गाडी चालू करून बघू" म्हणत बॅटरी जोडणारे हात त्याहून जास्त इंजिनं फोडतात, आणि तीही प्रेमापोटी. म्हणून सल्ला थोडा आणि काम कसं करायचं ते सविस्तर लिहितो.

आधी आपल्या दारात काय उभं आहे ते ओळखा. गोल नाकाचा, जाळीवर तीन टोकांचा तारा असलेला ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ पासून १९६९ पर्यंत होता. गाड्या जमशेदपूरला बनत. करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी 'टी' आला. टाटाच्या १२१० या मॉडेलच्या आकड्यातले १२ म्हणजे गाडी आणि माल मिळून १२ टन, आणि १० म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. लेलँड कॉमेट असेल तर ती मद्रासजवळच्या एन्नोरची. अशोक मोटर्स १९४८ मध्ये निघाली आणि १९५५ मध्ये तिची अशोक लेलँड झाली. बेडफर्ड उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समधून यायची. फार्गो आणि डॉज मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार होत. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत नंतर पर्किन्स पी-६ डिझेल बसलं. कपाळपट्टीवर 'पब्लिक कॅरिअर' अशी अक्षरं शिल्लक असतील तर ती १९३९ च्या मोटार कायद्याच्या काळातली भाषा आहे. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यावर ही वर्गवारी कायद्यातून गेली. रंगवणाऱ्यांच्या हातून मात्र ती बरीच वर्षं सुटली नाही, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून साल ठरवू नका.

साल ठरवायला चासी नंबर लागतो. बहुतेक गाड्यांवर तो पुढच्या चाकाजवळ, फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला ठोकलेला असतो. तिथं ग्राइंडर लावायचा नाही. नंबर घासला गेला तर कागद असूनही गाडी संशयित ठरते. रॉकेल टाकून रात्रभर भिजू द्या, सकाळी पितळी ब्रशनं घासा, वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. अक्षरं कागदावर उठतात. इंजिन नंबरचंही तसंच करा. हे दोन कागद आर.सी. बुकाबरोबर ठेवा.

ओळख पटली की पहिलं काम गाडी मातीतून वर घेण्याचं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात गाडी गिळते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मातीत टेकवलेला जॅक भार आला की तिरपा होतो. दहा टनांचा बॉटल जॅक घ्या आणि त्याच्या खाली किमान तीन इंच जाडीची, दोन फूट लांब-रुंद फळी घाला. विटा घालू नका, भाराखाली त्यांचा भुगा होतो. समोरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय मागचं उचलायचं नाही. उचलल्यावर अॅक्सलखाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे रचा. गाडी पुढं काही वर्षं तशीच राहणार असेल तर फ्रेमला आधार द्या, पण तो पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या) ब्रॅकेटजवळच हवा. मध्येच आधार दिला तर फ्रेमला पोक येतो.

चाकं काढताना दोन गोष्टी सांभाळा. अशा बऱ्याच गाड्यांच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' दिसलं तर नट घड्याळाच्या दिशेनं फिरवून सैल होतो. हे न कळल्यामुळे पान्याला आठ फुटी पाइप लावून स्टड तोडणारे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. ९.००-२० चा टायर, आत ट्यूब आणि फ्लॅप, आणि बाहेरून रिमला धरून ठेवणारी लोखंडी रिंग, असं हे चाक असतं. आत शंभर पौंडांच्या आसपास हवा असते. रिंग गंजून खाचेतून निम्मी सुटलेली असेल तर नट सैल करताच ती उडते आणि माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. म्हणून नटाला पाना लावायच्या आधी व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाकांत आतल्या चाकाचीही सोडा. परत हवा भरताना आधी दहा-पंधरा पौंडच भरा आणि रिंग सगळीकडून खाचेत बसली आहे ना ते बघा. मग चाकाला साखळी गुंडाळा, लांब नळी लावा आणि बाजूला उभं राहून बाकीची हवा भरा. रिंगेवर हातोडा मारत हवा भरणारा कारागीर कितीही जुना असला तरी त्याला तुमच्या गाडीला हात लावू देऊ नका.

आता इंजिन. इथं घाई न करणारा माणूस लागतो.

एअर क्लीनर खोला. तेलाचा असेल तर आत बहुधा उंदरांचा संसार सापडेल. सायलेन्सरच्या तोंडातही बघा. मग सिलिंडरांत डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं पंधरा-वीस मिली सोडा. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असतात, त्या सुटायला एवढा वेळ लागतोच. तोवर ऑइल चेंबरचा बोल्ट अर्धा-एक आटा सैल करा, काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलं असेल तर आधी तेच ठिबकतं. निघालेलं तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी वरून आलंय, की हेड गॅस्केटमधून, की लायनरच्या रबरी रिंगांतून, हे शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

यानंतर इंजिन हातानं फिरवा. नोझल काढलेले असताना पुढचं हँडल किंवा पुलीच्या बोल्टाला लावलेला पाना पुरतो. दोन पूर्ण फेरे बिनतक्रार व्हायला हवेत, कारण चार स्ट्रोकांचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. मध्येच अडलं तर जोर करू नका. टॅपेट कव्हर काढा आणि कुठला व्हॉल्व दाबलेलाच राहिलाय ते बघा. अडकलेल्या व्हॉल्ववर स्टार्टर मारला की पुशरॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. टोइंग करून, गिअरमध्ये टाकून गाडी ओढणं तर साफ चूक. स्टार्टर निदान दमतो तरी, पुढचा ट्रॅक्टर दमत नाही.

नोझलना डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. रांगेतल्या (इनलाइन) पंपात एक दातेरी पट्टी असते, रॅक. सगळ्या सिलिंडरांना किती डिझेल जायचं ते ती पुढं-मागं सरकून ठरवते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत डिझेलचा चिकट राळ होतो आणि रॅक 'पूर्ण' या जागी अडकून बसतो. असं इंजिन चालू झालं की आपोआप रेस धरतं आणि चावी बंद करून थांबत नाही. डिझेल इंजिनाला चावीशी देणंघेणं नसतं. म्हणून पंपाच्या बाजूची झाकणपट्टी काढा आणि रॅक बोटानं सरकतो का, बंद करायचा लिव्हर सोडल्यावर तो परत येतो का, ते आधी बघा. अडकला असेल तर पंप उतरवून पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंचवर न्या. वर हातोडी मारून तो सुटत नाही. एवढं करूनही पहिल्या स्टार्टला एक माणूस हवेच्या तोंडाशी सपाट जाड फळी घेऊन उभा ठेवा. रेस धरली की फळीनं तोंड बंद करायचं, हाताच्या पंजानं नाही. तेलाच्या एअर क्लीनरमध्येही खुणेच्या वर तेल भरू नका. जादा तेल इंजिन ओढून घेतं आणि त्याच तेलावर पळत सुटतं.

हवा काढण्याचा क्रम असा: टाकी रिकामी करून धुवायची, फिल्टर नवे, ताजं डिझेल. हँडपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबले की बंद करायचा. मग पंपावरचा. शेवटी नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारायचा आणि डिझेल आलं की एकेक आवळायचा. चालू नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही नेऊ नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो, दुखतही नाही, आणि बोट जातं. तसं झालंच तर लगेच दवाखाना गाठा, मलम लावत बसू नका.

जुन्या टाटा-मर्सिडीजमध्ये ४,५८० सीसीचं प्री-चेंबरवालं इंजिन असे, म्हणून तिला थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे ग्लो-प्लग असतात. ते एकामागे एक अशा एकाच ओळीत जोडलेले. एक जळला की सगळेच थंड, आणि डॅशबोर्डवरची तार लाल होत नाही. लोक बॅटरी बदलतात, दोष असतो एका प्लगमध्ये. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठल्या टोकाला आहे तेही बघा. इंग्रजी घडणीच्या काही गाड्यांत तो पॉझिटिव्ह असतो.

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवूनच स्टार्टर फिरवा. एका वेळी दहा सेकंद, मग थांबा. ऑइलचा काटा हलला की मगच डिझेल सोडा.

पाण्याचं थोडक्यात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ब्लॉकच्या आत त्यांचा थर बसलेला असतो, म्हणून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लळिंगच्या नाहीतर कोंडाईबारीच्या चढावर गाडी उकळायची. लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम लिंबूसत्व घालून इंजिन कोमट होईपर्यंत चालवा, सोडून द्या, साध्या पाण्यानं दोनदा धुवा. थर फार जुना असेल तर त्यानंच भोक बंद ठेवलेलं असण्याची शक्यता असते. धुतल्यावर वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकावरचं पत्र्याचं बूच) गळू लागला तर घाबरू नका, तो बदलता येतो.

इंजिन वाजलं की सगळे टाळ्या पिटतात आणि कोणीतरी गाडी रस्त्यावर काढतो. थांबा. ब्रेक बघितलेत का? या गाड्यांच्या ब्रेकची तेलाची लाइन एकच असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सगळे व्हील सिलिंडर उघडा, आतली रबरं बदला, रबरी नळ्या बघूसुद्धा नका, सरळ नव्या घाला. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल टाकलं तर रबर फुगतं आणि ब्रेक धरूनच बसतो. ड्रम निघत नसेल तर आधी अॅडजस्टर मागं घ्या. ड्रम बिडाचा असतो, घण घातला तर तडकतो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून आतली धूळ हवेच्या नळीनं उडवू नका. पाणी मारून ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

पाट्यांच्या मध्ये पाणी मुरतं, गंज फुगतो आणि पानं एकमेकांपासून उचलली जातात. यू-बोल्ट सैल असेल तर सगळा धक्का सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटला की अॅक्सल मागं सरकतं. गाडी रस्त्यावर तिरपी चालताना दिसते ती त्यामुळे. पाटे सुटे करून घासा, ग्राफाइट ग्रीस लावा, यू-बोल्ट गाडी टेकवल्यावर परत आवळा. पान्यांबद्दल एक सूचना: टाटा-मर्सिडीजला मिलिमीटरचे पाने लागतात, लेलँड, बेडफर्ड, पर्किन्सला इंची. तेरा-चौदाचा पाना "बसतोय" म्हणून लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या माणसाच्या हाती छिन्नी येते.

गिअरबॉक्स बहुधा सिंक्रोमेश नसलेला. आबांच्या ड्रायव्हरला जे येत होतं ते तुम्हाला शिकावं लागेल. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून क्षणभर थांबा, परत दाबून गिअर. खालचा टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्यायची आणि मग गिअर. उतारावर मध्येच गिअर बदलायला जाऊ नका. गिअर बसला नाही तर गाडी मोकळी सुटते. ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, हा कन्नडच्या घाटातला जुना नियम आहे आणि तो आजही लागू आहे.

गाडीबरोबर जे सामान पडलेलं असतं त्याला घरात कोणी विचारत नाही, पण गाडीपेक्षा आधी तेच हरवतं. गाठी ओढायचे हमालांचे आकडे (रुईची दाबलेली गाठ साधारण १७० किलोची असते), ताडपत्रीचे रस्से, पहारी, लाकडी रूळ, चेन पुली, ती टांगायचं तीन पायांचं तिकाटणं, हातविंच. इंजिन उतरवायला हीच चेन पुली वापरायचा मोह होईल. नका वापरू. हुकाचं तोंड फाकलेलं असेल, तो पिळवटलेला असेल, साखळीच्या कड्या ताणून लांबलेल्या असतील किंवा भार धरून ठेवणारा कुत्रा झिजलेला असेल, तर ती फक्त बघण्याची वस्तू. तारेचा रस्सा वरून ठीक दिसतो, आतला ताग मात्र कोरडा पडून तारा आतून गंजलेल्या असतात. उचलायचं काम आजच्या, तपासलेल्या पुलीवर करा. जुनी पुली रॉकेलनं धुवा, तेल लावा, लेबल लावून भिंतीला टांगा. हुंडेकऱ्यांच्या (माल पोचवणाऱ्या दलालांच्या) बिल्ट्या, जकात नाक्यांच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्या जपा. सावदा-रावेरची केळी, दोंडाईचा-नंदुरबारची मिरची, जळगावची डाळ कुठं आणि काय भाड्यानं जात होती, हे त्या कागदांइतकं नेमकं दुसरीकडे लिहिलेलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका, आत दमट होऊन शाई पसरते. साधा जाड कागद आणि पत्र्याची पेटी बरी.

आता कागदपत्रं. मूळ मालक वारले असतील तर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. बहुतेक घरांत तीन महिने कधीच उलटून गेलेले असतात. तरी अर्ज करा, दंड भरून मार्ग निघतो. बुकावर बँकेचा किंवा फायनान्सवाल्याचा बोजा राहिला असेल तर फॉर्म ३५ लागेल. गाडी उभी असल्याचं आधी कळवलेलं नसेल तर कराची थकबाकी निघू शकते, ती आधीच विचारून घ्या.

इथं परिवहन खात्यालाही चार शब्द सांगायचे आहेत, कारण अडचण फक्त घरातली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं 'विंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि प्रदर्शन-रॅलीपुरतीच रस्त्यावर येण्याची मुभा. नियम चांगला आहे. पण तो दुचाकींना आणि माणसं नेणाऱ्या मोटारींना लागू आहे. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, आणि ज्या ट्रकनं आग्रा रोडवरून कापूस नेला तो ट्रक मात्र आजच्या धंद्यातल्या मालट्रकच्या रांगेत, दरवर्षी त्याच फिटनेसला उभा. हा ट्रक माल नेणार नाही, वर्षातून दोन-तीनदा रिकामा बाहेर येईल. त्याला मालट्रकची फिटनेस लावण्यात कोणाचं हित आहे? 'एन' म्हणजे मालवाहू श्रेणीतल्या, पन्नास वर्षांवरच्या, बिनभाड्याच्या गाड्या त्याच नियमात घ्या, हौद्यात माल दिसला तर नोंदणी रद्द करा, अशी आमची मागणी आहे. राज्यानं ती शिफारस करून केंद्राकडे पाठवावी.

आणि एवढं वाचूनही गाडी द्यायचीच ठरली, जागा नाही, पैसा नाही, भावांचं पटत नाही, तर त्यात गुन्हा काही नाही. फक्त नीट द्या. मेकरची पितळी पट्टी, डॅशबोर्ड, बॉनेटवरचं चिन्ह आणि शक्य असेल तर हौद्याचा एक फाळका आधी काढून घ्या. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या आणि प्रमाणपत्र घेऊन आर.सी. रद्द करून घ्या, नाहीतर तुमच्या आजोबांच्या नावाचा नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर निघेल. कापणी आवारातच होणार असेल तर कटर पेटण्याआधी सगळ्या टायरांची हवा सोडलेली असू द्या. तापलेल्या रिमवरचा भरलेला टायर फुटतो. ब्रेकला हवेची टाकी असेल तर तिचा ड्रेन उघडा. डिझेलची टाकी रिकामी म्हणून तशीच कापायला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची. टाकी उतरवा, काठोकाठ पाणी भरा आणि मगच कापू द्या.

आपले,
खान्देशातल्या जुन्या गाड्यांवर काम करणारे काही मिस्त्री आणि गाडीवाले